ट्रॅक्टरवरचा टेप आणि चार ओहमचा स्पीकर : वाहनातील ध्वनियंत्रणेत संरोधाची जुळवणी

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्यात उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की कुडित्रे, परिते या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागते. यांपैकी बहुसंख्य ट्रॅक्टरांवर टेप असतो. 'टेप' हा शब्द कॅसेटच्या काळातला असला तरी आज त्याचा अर्थ पेन ड्राइव्ह किंवा ब्लूटूथवर चालणारा मोटारीचा संच असा आहे. मडगार्डवर, टपाखाली, कधी खास बनवून घेतलेल्या लाकडी खोक्यात स्पीकर बसविलेले असतात. ट्रॅक्टर विकत घेतल्यावर त्याला टेप बसविणे हा या भागात जवळजवळ विधीच आहे. हीच गोष्ट कमी-अधिक प्रमाणात मोटारी, टेम्पो व वडाप करणाऱ्या जीपगाड्यांच्या बाबतीतही आढळते.

या यंत्रणा बहुधा स्थानिक कारागीर बसवितात. त्यांचे हात कुशल असतात आणि अनुभव दांडगा असतो. तरीही 'आयसी उडाला', 'कॉइल जळाली', 'वायर तापली' या तक्रारी नित्याच्या आहेत. या तक्रारींतील बऱ्याचशा एकाच ठिकाणी येऊन मिळतात. स्पीकरच्या मागे छापलेला '४ ओहम' हा आकडा आणि विवर्धकाने अपेक्षिलेला आकडा यांचा संबंध नीट समजून घेतला जात नाही. महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्यालाही तो सांगता येतोच असे नाही. किंबहुना पाठ्यपुस्तकातील एक सिद्धांत त्याला चुकीच्या दिशेने नेण्याची शक्यता असते. प्रस्तुत लेखात या संबंधाचे विवेचन केले आहे.

जाता जाता एका शब्दाची नोंद करणे अगत्याचे आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात मिरवणुकीतील प्रचंड ध्वनिभिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा स्थापन केली ती ध्वनिफितीतील नकोशी खरखर कमी करण्यासाठी. कोलाहल घटविणाऱ्या तंत्राचे नाव आपल्याकडे कोलाहलालाच मिळाले.

संरोध म्हणजे नेमके काय

एकदिश प्रवाहाला तारेचा जो अडथळा होतो त्यास रोध म्हणतात. स्पीकरमधील तांब्याच्या वेटोळ्याला असा रोध असतोच. परंतु स्पीकरमधून जाणारा प्रवाह संगीताबरोबर क्षणोक्षणी दिशा बदलतो. अशा प्रत्यावर्ती प्रवाहाला वेटोळ्याच्या प्रवर्तकत्वामुळे व शंकूच्या हालचालीमुळे जादा अडथळा होतो. या सर्वांचा एकत्रित परिणाम म्हणजे संरोध. त्याचेही एकक ओहमच आहे आणि बहुतेक घोटाळा येथूनच सुरू होतो.

संरोध हा स्थिर आकडा नाही. तो कंप्रतेनुसार बदलतो. चार ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर त्याच्या अनुस्पंदन कंप्रतेला, म्हणजे शंकू ज्या कंप्रतेला आपसूक डोलतो तेथे, पंधरा-वीस ओहम किंवा त्याहूनही अधिक संरोध दाखवितो. त्यानंतर संरोध उतरत जाऊन चारच्या आसपास येतो आणि वरच्या पट्टीत पुन्हा चढतो. छापलेला आकडा हा केवळ नाममात्र संरोध होय. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६०२६८-५ या मानकानुसार स्पीकरचा प्रत्यक्ष संरोध त्याच्या नियत कंप्रता-पट्ट्यात कोठेही नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये. म्हणजे चार ओहमचा स्पीकर ३.२ ओहमपर्यंत उतरू शकतो. मल्टिमीटर लावल्यास केवळ वेटोळ्याचा रोध मोजला जातो व तो साधारणपणे ३.२ ते ३.८ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरचा सहा ते सात. मीटरने साडेतीन दाखविले म्हणून 'माल डुप्लिकेट आहे' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. मात्र चिठ्ठी निघून गेलेल्या जुन्या स्पीकरची जात ओळखण्यास ही मोजणी पुरेशी आहे.

'जुळवणी' या शब्दाने होणारी दिशाभूल

पदवीच्या प्रथम वर्षाला महत्तम शक्ती-संक्रमणाचा सिद्धांत शिकविला जातो. उगमाचा अंतर्गत रोध आणि भाराचा रोध समान असताना भाराला जास्तीत जास्त शक्ती मिळते, असे तो सांगतो. १८४० च्या सुमारास याकोबी यांनी मांडलेला हा सिद्धांत निर्दोष आहे. दोष आहे तो त्याच्या उपयोजनात. येथे उगम ठरलेला असून भार निवडावयाचा असतो आणि उगमाला कितीही प्रवाह देण्याची मुभा असते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. शिवाय या अवस्थेत निम्मी शक्ती उगमातच उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते, ही बाब वर्गात बहुधा घाईने उरकली जाते.

व्हॉल्व्हच्या विवर्धकांना हा विचार खरोखरच लागू होता. प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' हा बोलपट तयार केला त्या काळातील चित्रपटगृहांत व्हॉल्व्हचेच विवर्धक असत. व्हॉल्व्हला काही हजार ओहमचा भार लागतो आणि स्पीकर तर मोजक्या ओहमचा. ही दरी ट्रान्स्फॉर्मर भरून काढी. ट्रान्स्फॉर्मर संरोधाचे रूपांतर वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने करतो. पाच हजार ओहमला आठ ओहमशी जोडावयाचे तर गुणोत्तर २५ ला १ असे घ्यावे लागते. अशा विवर्धकांच्या पाठीवर ४, ८ व १६ ओहमची वेगवेगळी टोके असत आणि स्पीकर ज्याचा त्यालाच जोडणे आवश्यक असे.

ही पद्धत अगदीच लुप्त झालेली नाही. प्रचाराच्या रिक्षावरील कर्णा ज्या विवर्धकाला जोडतात त्यावर आजही ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट अशी टोके आढळतात. १०० व्होल्टच्या वाहिनीवर दहा वॅटचा कर्णा ट्रान्स्फॉर्मरसह जोडला तर तो विवर्धकाला एक हजार ओहमसारखा भासतो. म्हणूनच लांबलचक बारीक तारेवर असे अनेक कर्णे सुखेनैव चालतात. रिक्षावर काम शिकलेला कारागीर मोटारीकडे वळला की तीच सवय बरोबर आणतो.

मोटारीचा विवर्धक निराळा आहे. ट्रान्झिस्टर वा आयसीवर चालणाऱ्या या विवर्धकाचा निर्गम संरोध एका ओहमच्या शतांशांत मोजावा लागतो. त्याच्याशी 'समान' स्पीकर शोधणे म्हणजे जवळजवळ तार आखूड करून टोकाला टोक भिडविणे होय. हा विवर्धक ठरलेला विद्युत दाब देतो आणि किती प्रवाह ओढावयाचा हे स्पीकरच्या संरोधावर सोडतो. तेव्हा येथे जुळवणीचा अर्थ एवढाच, की विवर्धकाने सांगितलेल्या किमान संरोधाच्या खाली भार जाऊ द्यावयाचा नाही. त्याच्या वर गेल्यास हानी होत नाही, फक्त शक्ती घटते.

बारा व्होल्टचे गणित

घरातील स्पीकर आठ ओहमचा आणि मोटारीतील चारचा का, या प्रश्नाचे उत्तर बॅटरीत आहे. इंजिन चालू असताना वाहनाचा विद्युत दाब सुमारे १४.४ व्होल्ट असतो. साध्या विवर्धकाला त्याच्या निम्म्या, म्हणजे ७.२ व्होल्टपर्यंतच तरंगाचे शिखर गाठता येते. शिखर-दाबाचा वर्ग, त्याचे निम्मे, भागिले संरोध असे गणित केल्यास चार ओहमला ६.५ वॅट येतात. एकेकाळी मोटारीच्या रेडिओत सर्रास वापरला जाणारा टीडीए २००३ हा आयसी चार ओहमला सुमारे सहा व दोन ओहमला सुमारे दहा वॅट देई, तो याच मर्यादेमुळे.

पुढे प्रत्येक स्पीकरसाठी दोन विवर्धक परस्परांच्या उलट दिशेने चालविण्याची सेतू-जोडणी रूढ झाली. एक टोक वर चढत असताना दुसरे खाली उतरते. त्यामुळे स्पीकरवर पूर्ण १४.४ व्होल्टचे शिखर मिळते. दाब दुप्पट म्हणजे शक्ती चौपट. चार ओहमला २५.९ वॅट. ट्रान्झिस्टरमध्ये एक-दोन व्होल्ट खर्च होतात ते वजा जाता प्रत्यक्षात १८ ते २२ वॅट हाती लागतात.

मग संचाच्या दर्शनी भागावर '५० वॅट × ४' असे ठळकपणे छापलेले असते त्याचे काय? हा आकडा अगदीच हवेतला नाही. १४.४ चा वर्ग भागिले ४ म्हणजे ५१.८. विवर्धक अतिरेकाने चालवून तरंगाची शिखरे संपूर्ण छाटली गेली आणि त्याचा चौरस झाला, तर एवढी शक्ती निघते. संगीत मात्र त्यात उरत नाही. ग्राहकाने पन्नासाच्या जागी वीस वाचावेत हे उत्तम.

आता या संचाला चारऐवजी दोन ओहमचा भार दिल्यास काय घडते ते पाहू. शिखरावरील प्रवाह ३.६ वरून ७.२ अँपिअरवर जातो. सेतू-जोडणीतील विवर्धकात उष्णतारूपाने वाया जाणारी कमाल शक्ती चार ओहमला दर वाहिनीस सुमारे साडेदहा वॅट असते; दोन ओहमला ती एकवीस होते. चारही वाहिन्या मिळून ८४ वॅट. एवढी उष्णता एका मुठीएवढ्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यातून, बंद डॅशबोर्डमध्ये, मार्च महिन्याच्या दुपारी बाहेर पडावयाची असते. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ही कमाल उष्णता आवाज पूर्ण वाढविल्यावर निर्माण होत नाही. तरंगाचे शिखर कमाल मर्यादेच्या सुमारे ६४ टक्के असताना ती होते. त्यामुळे 'आवाज फार नव्हता तरी आयसी उडाला' ही ग्राहकाची तक्रार बहुतेक वेळा खरी असते आणि ती ऐकून हसणारा कारागीर चुकतो.

काही संच व विवर्धक मुळातच दोन ओहमसाठी बनविलेले असतात. त्यांच्या पुस्तिकेत तसा स्पष्ट उल्लेख असतो. उलटपक्षी काही मोटारींत कारखान्यातूनच दोन ओहमचे स्पीकर येतात. ते काढून चार ओहमचे महागडे स्पीकर बसविले की आवाज वाढण्याऐवजी कमी होतो व मालक दुकानदाराशी वाद घालतो. जुना स्पीकर काढताच त्यावर मीटर लावणे हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे.

एकाला दोन, दोनाला चार

ट्रॅक्टरवर सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे एकाच वाहिनीवर चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडणे. भार दोन ओहमवर येतो. मात्र हे केवळ अज्ञानापोटी होते असे म्हणता येणार नाही. समांतर जोडणीत एकूण शक्ती दुप्पट होते, म्हणजे ३ डेसिबल वाढ. आणि शेजारी-शेजारी बसविलेले दोन शंकू एकाच लयीत हलत असल्याने खालच्या पट्टीत आणखी सुमारे ३ डेसिबल पदरात पडतात. एकूण सहा. कानाला हा फरक तात्काळ जाणवतो. तेच दोन स्पीकर एकसर जोडले तर भार आठ ओहम होतो, शक्ती निम्मी होते, आणि दुसऱ्या शंकूने मिळविलेले ३ डेसिबल त्यातच खर्ची पडतात. दोन स्पीकरांचे पैसे देऊन आवाज एकाइतकाच. साहजिकच एकसर जोडणी कोणी करीत नाही.

यातून मार्ग आहे, परंतु त्यास चार एकसारखे स्पीकर लागतात. दोन-दोनच्या एकसर जोड्या करून त्या जोड्या समांतर जोडल्यास एकूण भार पुन्हा चार ओहम होतो. विवर्धकावर कणभरही जादा ताण नाही. आणि चार शंकू एकत्र असल्याने खालच्या पट्टीत एका स्पीकरच्या तुलनेत सुमारे सहा डेसिबलची वाढ मिळते. समांतर जोडणीने जो लाभ आयसी धोक्यात घालून होतो, तोच येथे सुरक्षितपणे होतो. अट एकच, चारही स्पीकर एकाच जातीचे हवेत. चार ओहम व आठ ओहमचे स्पीकर समांतर जोडले तर भार २.६७ ओहम होतोच, शिवाय चार ओहमच्या स्पीकरला दुप्पट शक्ती मिळून तोच आधी जळतो.

मोटारीच्या डिकीत बसविण्यात येणाऱ्या वूफरला अनेकदा दोन वेटोळी असतात. प्रत्येकी चार ओहमची वेटोळी एकसर जोडल्यास आठ आणि समांतर जोडल्यास दोन ओहम होतात. ज्या विवर्धकाची प्रत्येक वाहिनी दोन ओहमपर्यंत सुरक्षित आहे, त्याच्या दोन वाहिन्या सेतूने एकत्र केल्या की किमान मर्यादा चार ओहमवर जाते, कारण प्रत्येक वाहिनीच्या वाट्याला भाराचा निम्माच संरोध येतो. अशा सेतूवर दोन ओहमचा वूफर जोडणे म्हणजे प्रत्येक वाहिनीला एक ओहमवर राबविणे.

आवाज हवा असेल तर संरोध उतरविण्यापेक्षा स्पीकरची संवेदनक्षमता पाहणे अधिक शहाणपणाचे. ८७ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९२ डेसिबलचा घेतला तर पाच डेसिबलचा फरक पडतो. विवर्धकाची शक्ती तिपटीहून अधिक वाढविल्यासारखे ते आहे. मात्र हे आकडेही जपून वाचावे लागतात. काही उत्पादक एक वॅट देऊन मोजतात, तर काही २.८३ व्होल्ट देऊन. आठ ओहमला दोन्ही एकच. चार ओहमला मात्र २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट, आणि आकडा आपोआप ३ डेसिबलने फुगतो.

आवाजाच्या या हव्यासाची दुसरी बाजू ट्रॅक्टरवर अधिक गंभीर आहे. उघड्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी इंजिनाचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो, आणि कारखान्यातील कामगारासाठी आठ तासांची मर्यादा नेमकी तेवढीच मानली आहे. त्यावर गाणे ऐकू यावयाचे तर ते याहून मोठेच हवे. परिणामी मागून येणाऱ्या एस.टी.चा किंवा रुग्णवाहिकेचा भोंगा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दोनला गावातून जाणारा ट्रॅक्टर ती इंजिनानेच ओलांडतो, टेपचे तर बोलावयासच नको.

तार, धारित्र आणि चॅसी

पाच मीटर अंतरावरील स्पीकरला जाऊन-येऊन दहा मीटर तार लागते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध ०.२३ ओहम होतो. चार ओहमच्या स्पीकरबरोबर सुमारे साडेपाच टक्के शक्ती तारेत जाते. भार दोन ओहम केल्यास दहा टक्के. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते. तिचा रोध जवळजवळ दीडपट असतो. संरोध उतरवून मिळविलेली शक्ती अशी वाटेतच सांडते.

ट्वीटरला एकसर जोडलेले लहानसे धारित्र खालच्या कंप्रता अडविते. त्याची सीमा संरोधावर अवलंबून असते. ४.७ मायक्रोफॅरडचे धारित्र आठ ओहमच्या ट्वीटरला सुमारे ४,२०० हर्ट्झवर सीमा घालते, तर चार ओहमच्या ट्वीटरला ८,५०० हर्ट्झवर. घरच्या संचातील आठ ओहमचा ट्वीटर काढून त्याजागी चारचा बसविला आणि धारित्र तेच ठेवले, तर मधली जवळजवळ एक सप्तकाची पट्टी बारीक होते. गायिकेचा आवाज 'बसल्यासारखा' वाटतो तो यामुळे.

जुन्या जीप व ट्रॅक्टरांत स्पीकरला एकच तार नेऊन दुसरे टोक बॉडीला आवळण्याची पद्धत होती. साध्या विवर्धकाला ती चालत असे. सेतू-जोडणीच्या संचात मात्र स्पीकरच्या दोन्ही टोकांवर बॅटरीच्या निम्मा, सुमारे सात व्होल्टचा एकदिश दाब असतो. तो दोन्हीकडे समान असल्याने स्पीकरला जाणवत नाही. पण एक टोक बॉडीला लागताच सात व्होल्ट थेट चॅसीत उतरतात. येथे संरोध किती, हा प्रश्नच उरत नाही. संरक्षक मंडल असेल तर संच मुका होतो, नसेल तर आयसी जातो. डाव्या-उजव्या स्पीकरांच्या ऋण तारा एकत्र पिळण्याचा परिणामही याच जातीचा. नवा संच जुन्या गाडीत बसविताना प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र तारा नेणे अपरिहार्य आहे.

निराळा मोठा विवर्धक बसविल्यास प्रश्न बॅटरीपर्यंत जातो. खरोखर ५०० वॅट देणारा व ६० टक्के कार्यक्षमतेचा विवर्धक पूर्ण क्षमतेला १३.८ व्होल्टवर सुमारे ६० अँपिअर ओढतो. अनेक ट्रॅक्टरांवरील अल्टरनेटर ३६ अँपिअरच्या आसपासचे असतात आणि त्यांतील नऊ-दहा अँपिअर दोन हेडलाइटच खातात. संगीताची सरासरी शक्ती कमालीपेक्षा बरीच कमी असते म्हणून हे निभावते. भार अर्ध्यावर आणला की निभावत नाही, आणि सकाळी कारखान्याच्या गव्हाणीसमोर, शंभर ट्रॅक्टरांच्या रांगेत, स्टार्टर फिरत नाही. बॅटरीपासून विवर्धकापर्यंतच्या जाड तारेत फ्यूज हवाच. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, विवर्धकाजवळ नव्हे. फ्यूज तारेचे रक्षण करतो. तार घासून चॅसीला टेकली तर फ्यूजच्या अलीकडचा भाग तापून लाल होतो, आणि ट्रॅक्टरच्या मागे वाळलेल्या पाचटासह दोन ट्रॉल्या ऊस असतो.